हावऱ्याचा डाव

"तेच पुस्तक? पुन्हा?"

काउंटरपलीकडचा माणूस नुसता मान हलवून उभा राहिला. साठीच्या अलीकडचा, अंगात निळा कामाचा शर्ट, नखांच्या कडांना काळं वंगण. खांद्याला हत्यारांची जड पिशवी होती, पण ती खाली ठेवायची त्याची तयारी दिसत नव्हती.

"ह्याआधी नेलेलं हरवलं का?"

"नाही."

"फाटलं?"

"नाही हो ताई. असेल तर द्या, नसेल तर तसं सांगा."

दुकानदारीणबाईंनी मागे वळून फळीवर बघितल्यासारखं केलं. 'पंधरा खेळ्यांच्या आत' नावाचं ते लाल पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक त्यांच्या उजव्या हाताच्या खणात होतं. तिथे त्यांनी ते स्वतःच सकाळी लपवलं होतं.

"संपलं," त्या म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर निराशा उमटायला हवी होती, पण उमटला तो सुटकेसारखा भाव. बाईंनी तो बरोबर टिपला. हव्या असलेल्या वस्तूला नाही म्हटल्यावर ज्याला बरं वाटतं, तो माणूस सरळ असूच शकत नाही.

बाईंना गल्लीत सगळे मागून 'दुर्बीण' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं हेही. दुधात पाणी, औषधात भेसळ, सुनेच्या फोनवरच्या हळू आवाजात काहीतरी शिजतंय, असं त्यांना कायम वाटायचं. दहातल्या चार वेळा ते खरंही निघायचं, म्हणून ही सवय कधी सुटली नाही. बुद्धिबळाचे पट, सोंगट्या, फासे आणि खेळांची पुस्तकं विकणारं हे दुकान त्यांच्या नवऱ्याचं. तो शौकीन होता आणि भोळा होता. येईल त्याला पुस्तक वाचायला द्यायचा. त्यातली निम्मी परत आली नाहीत. संसार चालायचा तर घरात एकाने तरी संशयी असायला हवं, असं बाईंनी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं. नवरा गेला, भोळेपणा गेला, दुकान राहिलं. घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे बाईंना खेळातलं काही कळत नव्हतं. गिऱ्हाईक मात्र कळायचं.

आणि हे गिऱ्हाईक कळत नव्हतं. पहिल्यांदा तो आला तेव्हा त्याने पुस्तकाचं नाव कागदावर लिहून आणलं होतं. उभ्या उभ्या पानं चाळता चाळता एका पानाशी थांबला आणि त्याचा चेहरा असा उतरला, जणू कुणी मागून गचांडी धरली. पुस्तक घेऊन गेला. मग पुन्हा आला, पुन्हा तेच. नंतर आणखी एकदा. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाकडे ढुंकून बघितलं नाही. ज्याला खेळाची आवड असते तो फळीपाशी घुटमळतो, पटावरचा घोडा तरी उचलून बघतो. हा पटाकडे पाठ करून उभा राहायचा.

दुकानाबाहेरच्या बाकावर वकीलसाहेब बसायचे. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याचे दोस्त, म्हणून बाकावरचा हक्क कायम. येणाऱ्याजाणाऱ्याला डावात ओढायचं आणि हरवून शहाणपण शिकवायचं, हा त्यांचा दिनक्रम. बाईंनी ते पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"भावजी, ह्यात असं काय आहे?"

"काही नाही वहिनी. नवशिक्यांचं पुस्तक. लोक कसे झटपट हरले त्याचे डाव." वकीलसाहेबांनी पानं उलटली आणि त्यांना हसू फुटलं. "हा बघा, हावऱ्याचा डाव. हा तर मी प्रत्येकाला दाखवतो. समोर नावाजलेला खेळाडू. तो वजीर उघड्यावर सोडतो. काळ्याला वाटतं, लॉटरी लागली. घेतो उचलून. पुढच्या दोन खेळ्यांत मात. सातव्या खेळीला खेळ खलास. खाली लेखकाने काय लिहिलंय वाचा: 'हावरटपणाला औषध नाही.'"

"जुनं आहे म्हणून ह्याला भाव आला असेल का?"

"ह्याला? रद्दीवाला तरी घेईल की नाही शंका आहे."

मग तर संशय दुणावला. बाईंनी पुलापलीकडच्या जुन्या पुस्तकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करणारा का? येतो की. माझ्याकडच्या सगळ्या प्रती त्यानेच उचलल्या. आणखी आल्या तर कळवा म्हणून नंबर ठेवून गेलाय." म्हणजे हा गावभर फिरतोय. एवढ्या प्रती घेऊन करतो काय? बाईंनी पुस्तकाचा पुठ्ठा वाकवून बघितला, शिवणीत नख घालून बघितलं, पानं उजेडासमोर धरून बघितली. लाज सोडून वाससुद्धा घेतला. पुस्तकाला पुस्तकाचाच वास होता.

एकदा बँकेतून परत येताना एका उंच इमारतीच्या जिन्यात तो त्यांना दिसला. लिफ्ट बंद होती, दार उघडं होतं, आणि हा पायरीवर बसून एकटाच डबा खात होता. बाई खांबाआड थांबल्या. वरून उतरणाऱ्या एका म्हातारीची पिशवी त्याने उठून हातात घेतली, तिला खालपर्यंत सोडलं, परत वर आला आणि उरलेला डबा संपवला. बाईंना हे मुळीच आवडलं नाही. भामटा असता तर हिशेब जुळला असता.

त्यानंतर काही दिवसांनी प्रकाशकाचा विक्रेता आला. तरुण, बोलका, घामाघूम. त्याने एक गठ्ठा काउंटरवर आपटला.

"काकू, घ्या. नवी आवृत्ती. पुठ्ठा बघा कसा झालाय."

गठ्ठ्यात वरपासून खालपर्यंत एकच पुस्तक होतं. 'पंधरा खेळ्यांच्या आत'.

"हे कशाला काढलं परत?"

"मागणी, काकू. वर्षानुवर्षं पडून होतं, मालक रद्दीत घालणार होते. आणि यंदा अचानक सगळ्या दुकानांतून संपलं. प्रत्येक जण म्हणतो, पाठवा, हातोहात जातंय. मालक म्हणाले, लोकांना पुन्हा खेळाची गोडी लागली."

एका माणसाची गोडी गावाची म्हणून छापून आली होती, हे सांगायचं कुणाला?

विक्रेता अजून पाणी पीत होता तेवढ्यात लिफ्टवाला दारात आला. त्याची नजर आधी बाईंवर गेली, मग गठ्ठ्यावर. तो तिथेच थांबला. हत्यारांची पिशवी त्याने खांद्यावरून काढली आणि पहिल्यांदाच खाली ठेवली.

विक्रेता निघून गेल्यावर बाई म्हणाल्या, "हे तुमच्यामुळे छापलंय. आता खरं काय ते सांगा. नाहीतर एकही प्रत मिळायची नाही."

"आता घेऊन काय करू," तो म्हणाला. "विहीर उपसायला निघालो होतो. झऱ्याचं लक्षातच आलं नाही."

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. वरचं पुस्तक उचलून त्याने न शोधता पान उघडलं आणि त्यांच्यापुढे केलं. हावऱ्याचा डाव. वर बारीक अक्षरात दोन नावं होती.

"पांढरा तो. काळा मी."

बाईंनी नाव वाचलं, मग त्याच्याकडे बघितलं. "ओळखपत्र दाखवा."

त्याने निमूटपणे शर्टाच्या खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढून दिलं. नाव तेच होतं. बाईंनी ते उलटूनही बघितलं आणि परत केलं.

"चोविसावं चालू होतं," तो सांगू लागला. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कामावरच्या लोकांत मी बरा खेळायचो, म्हणून स्पर्धेत नाव घातलं. पहिलाच डाव ह्या माणसाशी. सगळे बघायला जमलेले. आणि त्याने वजीर सोडला."

"आणि तुम्ही घेतला."

"घेतला. पण हावरटपणा नव्हता हो. खरं सांगतो. मला वाटलं, मोठा असला म्हणून काय झालं, माणूसच आहे, चुकला असेल. संशय म्हणून आला नाही."

"मला आला असता," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला आला असता," त्याने मान्य केलं.

मात झाली तेव्हा लोक हसले. तो उठून बाहेर पडला. घरी जायचं धाडस होईना, कारण बायकोने सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं, आज ह्यांचा मोठ्या माणसाशी डाव आहे. म्हणून तो चालत राहिला. बाजार, पूल, कारखान्यांची भिंत, परत पूल. अंधार पडल्यावर घरी पोचला.

"तिने विचारलं, हरला का? म्हटलं, हो. मग म्हणाली, बराच वेळ चालला वाटतं. मी म्हटलं, हो. एवढंच बोललो मी. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांना सांगायला लागली, ह्यांनी त्याला दुपारपासून रात्रीपर्यंत झुंजवलं, घाम फोडला. मी गप्प बसलो. मुलगा तेच ऐकत मोठा झाला. शाळेत सांगायचा. मग नातीला सांगायला लागली. ही गेली दोन वर्षांमागे, तोवर तो डाव घरात देवासारखा झाला होता. मी पटाला पुन्हा हात लावला नाही. लोकांना वाटायचं, वैराग्य."

"मग आत्ताच हे काय निघालं?"

"नात बुद्धिबळाच्या वर्गाला जाते. सरांनी हे पुस्तक सांगितलं. सुनेने नाव लिहून दिलं, येताना आणा म्हणून. इथेच उघडलं तेव्हा कळलं मला की मी छापलेला आहे. इतक्या वर्षांत पत्ता नव्हता. घरी जाऊन सांगितलं, मिळत नाही. सून म्हणाली, दुसरीकडे बघते. मग काय, तिच्या आधी मी." तो थोडा थांबला. "माझं काही नाही. माझं काय जायचंय? पण बायको खोटी पडेल. गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं म्हणजे..."

"जाळली का ती सगळी पुस्तकं?"

"पुस्तकं कशी जाळणार? पलंगाखाली आहेत."

बाईंना अजून पटत नव्हतं. संपूर्ण गोष्ट कानांवरून गेली होती आणि कुठेतरी एक धागा बाहेर लोंबतोय असं त्यांना वाटत होतं. सवयीने त्यांनी तो ओढला.

"त्या रात्री घरी गेलात, मग पुढे काय झालं? नीट सांगा."

"काय होणार? तिने गरम पाणी आणलं घंगाळात. पाय शेकले. मग जेवायला वाढलं."

"पाणी तुम्ही मागितलं?"

"नाही. मी दारात बसलो तोवर तिने चुलीवर ठेवलंही होतं."

"खुर्चीवर बसून खेळून आलेल्या माणसाचे पाय कशाला शेकायचे?"

त्याने मान वर केली.

"मी असते तर उंबऱ्यातच पकडलं असतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "चपलांची दशा बघूनच. तुम्ही चालून आलात हे बायकोला कळायला बुद्धिबळ यावं लागत नाही. तिला सगळं कळलं होतं."

"पण मग ती लोकांना..."

"बराच वेळ चालला वाटतं, असं म्हणाली ना? डाव चालला असं म्हणाली का, की तुम्ही चालला असं?"

त्याने खाली वाकून स्वतःच्या पायांकडे बघितलं. एक गिऱ्हाईक फासे बघायला आलं, बाईंनी त्याला हातानेच नंतर ये म्हणून परत पाठवलं. असं त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"कधी बोलली नाही," तो शेवटी म्हणाला. "शेवटच्या आजारातसुद्धा नाही."

"ती कशाला बोलेल. तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. वंगणाचा एक फराटा गालावर उमटला, तो बाईंनी त्याला सांगितला नाही. मग त्याने गठ्ठ्यातली एक प्रत उचलली.

"ही नातीला नेतो."

"पान फाडून?"

"नाही. आख्खं. आधी डाव दाखवतो, मग आजीचं सांगतो."

पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडला. बाहेर वकीलसाहेब कुणा पोरसवदा कारकुनाला पकडून बसले होते आणि त्यांचा आवाज टिपेला गेला होता. "इथे त्याने वजीर सोडला, आणि हा हावरा बघ कसा झडप घालतो..."

लिफ्टवाला बाकापाशी थांबला. बाई काउंटरमागून उठून दारापर्यंत आल्या.

"झडप नाही घातली," तो म्हणाला. "बराच विचार केला होता मी."

"मी म्हणजे?" वकीलसाहेबांनी चष्मा वर केला.

त्याने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट. वकीलसाहेबांच्या हातात काळा उंट होता, तो तसाच हवेत राहिला. आयुष्यभर ज्याच्यावर हसलो तो माणूस हाडामांसाचा असून गालाला वंगण लावून समोर उभा राहील, असं त्यांच्या स्वप्नातही नसावं. त्यांनी कारकुनाला उठवलं, बाकावरची आपली छत्री काढून घेतली आणि सोंगट्या नव्याने मांडायला सुरुवात केली.

"पांढरी घ्या," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

"नको. माझी काळीच."

तो हरला. वकीलसाहेब तरबेज होते आणि ह्याचा हात पस्तीस वर्षं पटाला लागलेला नव्हता. पण डाव काही केल्या संपेना. समोर सोडलेलं एकेक प्यादं तो खालून वरून निरखायचा आणि तसंच राहू द्यायचा. कारकून घरी गेला, समोरच्या दुकानांची शटरं पडली, रस्त्यावरचे दिवे लागले. बाईंनी आपलं शटर अर्ध्यावर ओढलं आणि दुकानातला दिवा मात्र बाकावर उजेड पडेल असा चालू ठेवून त्या स्टुलावर बसून राहिल्या.