महाराजांचा तळवा आणि बाईंचा डबा

"माझी सून एवढ्यात बाळंत होऊन घरी आली असती," रांगेतल्या आजी शेजारणीच्या कानाशी पुटपुटल्या.

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली होती. आत संगणकांच्या पडद्यांवर चकरी फिरत होती आणि सगळे महाराजांची वाट बघत होते. महाराज म्हणजे संगणक दुरुस्त करणारा. तो आला, डोळे मिटून त्याने यंत्रावर तळवा ठेवला. यंत्राला माणसाची घाई कळते म्हणे. कोणी हलायचं नाही, शिंकायचं नाही. बऱ्याच वेळाने पासवर्डची चौकट उघडली. आजींनीसुद्धा हात जोडले.

मोठ्या बाई नोंदणी विभागाच्या प्रमुख. पुस्तकं वाचून संगणक शिकलेल्या. घरी जाऊबाईंनी नुसता दृष्ट काढण्याचा विषय काढला, की यांचं अंधश्रद्धेवर व्याख्यान सुरू. आणि इथे महिनाभर त्या रोज घड्याळ काढून पर्समध्ये ठेवत होत्या. धातूमुळे यंत्र बावरतं, असं महाराज म्हणाला होता. बाईंना ते शास्त्रीय वाटलं होतं.

आज मात्र त्याने दोष खिडकीवरच्या नव्या मुलीवर टाकला. हिचा हात जड. हिने बटण दाबलं की यंत्र रुसतं. रुग्णालयाच्या साहेबांनी मान डोलावली. उद्यापासून मुलगी तळघरातल्या कोठारात. ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली.

ते बाईंना बघवेना. त्यांनी दोन संगणक बंद करून एकदमच सुरू करायला लावले. एकावर महाराजांचा तळवा, दुसऱ्यावर आपला जेवणाचा डबा. दोन्ही चौकटी बरोबरच उघडल्या.

"बाई, तुमच्या डब्यालाही सिद्धी आहे," आजी खिडकीतून म्हणाल्या.

चौकटीखाली रुग्णालयाच्या सगळ्या शाखांमधल्या कर्मचाऱ्यांची नावं आणि फोटो. रोज दिसणारी ती यादी बाईंनी आज पहिल्यांदा नीट पाहिली. हजारो चेहरे गोळा झाल्याशिवाय चौकट उघडत नव्हती. मुलगी कंटाळून मध्येच बंद-चालू करायची, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तळवा फक्त तेवढा वेळ लोकांना थांबवून धरायचा.

"एवढंच विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या, "तळवा नसता तर काय झालं असतं? मीही विचारलं नाही."

"पण इतकी नावं हवीत कशाला?" मुलीने विचारलं.

कोणी पंख्याकडे बघितलं, कोणी चपलांकडे. आपण सारे एक कुटुंब, म्हणून सगळ्यांचे चेहरे पडद्यावर आणायची कल्पना कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती जाहीर झाली त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या बाईंनीच वाजवल्या होत्या.

बाईंनी पर्समधून घड्याळ काढून मनगटावर बांधलं.

"साहेब, दोष हिच्या हातात नाही, तुमच्या कल्पनेत आहे. ती यादी बंद करा."