दुकानात वाजणारी टीना

मानोऱ्याच्या बाजारातलं लखमीचंद शेठचं साड्यांचं दुकान उघडलं, की आधी देवापुढे अगरबत्ती लागायची आणि लगेच टीनाचा आवाज सुरू व्हायचा. टीना ही त्यांची सून. ती स्वतः तेव्हा ब्लाउजपीसच्या फळीपाशी तोंड मिटून उभी असायची. गायची ती छताच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधली टीना, काही वर्षांपूर्वीची.

पुण्यात शिकताना तिने मित्रांबरोबर बँड काढला होता. ड्रम हसनैनचे, शब्द आणि गळा टीनाचा. त्यांनी 'भिंत' नावाचा रॉक अल्बम केला. 'दार उघडा, मला श्वास घेऊ द्या' असं ती त्यात गळ्याच्या शिरा ताणून ओरडली होती. इंटरनेटवर टाकल्यावर तो मित्रांनी ऐकला, मित्रांच्या मित्रांनी अर्धा ऐकला, मग एकेक जण नोकरीला लागला. टीनाचं लग्न अर्हमशी झालं आणि ती मानोऱ्यात आली. घर दुकानाच्या वरच होतं. जिना दुकानातच उतरायचा, भाजी आणायला जायचं तरी सासऱ्यांच्या गल्ल्यासमोरून जावं लागे आणि ते प्रेमाने विचारत, "कुठी चालली, बेटा?"

अर्हम वाईट असता तर सगळं सोपं होतं. त्याने तो अल्बम स्वतः शोधून काढला आणि लग्नाच्या वाढदिवशी, तिला न सांगता, दुकानात लावला. टीना जिन्यातच थबकली. आता सासरे बंद करायला लावतील, असं तिला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं. निदान भांडण तरी झालं असतं.

"आवाज थोडा कमी कर," एवढंच लखमीचंद म्हणाले. आणि आठवडाभराने जेवता जेवता खूश होऊन म्हणाले, "जुने गाणे लावले का बाया गुणगुणत बसते. भजन लावलं का हात जोडते. याच्यात कोणाचंच ध्यान जात नाही. गिऱ्हाईक साडीच पाह्यते. लय कामाची चीज केली तू, बेटा."

तेव्हापासून ती गाणी रोज वाजू लागली. कमी आवाजात त्या किंकाळ्या मऊ पडायच्या. नवऱ्या मुलींच्या आया त्यावर शालूचा पोत चाचपायच्या. सासूबाईंना, अंगुरीबाईंना, दुपारी गादीवर टेकल्या टेकल्या त्याच आवाजात डुलकी लागायची. एका बाईने तर विचारलं, "कूलर आवाज करून राह्यला का?" टीना म्हणाली, "हो."

कोणीतरी एकदा, फक्त एकदा, हे नीट ऐकावं, असं तिला वाटत राही.

एका दुपारी घरचे सगळे नातलगांच्या साखरपुड्याला कारंज्याला गेले आणि दुकान टीनावर आलं. साड्यांना फॉल-पिको करणारी मेहरबी गठ्ठा न्यायला आली होती. टीनाने उठून आवाज पूर्ण मोठा केला.

मेहरबी दचकली. "या अल्ला! कोणाले मारून राह्यले का?"

"चाची, ती मीच आहे. माझं गाणं आहे."

"तुहं?" मेहरबीने गठ्ठा खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सावरला आणि हनुवटीला हात लावून ती ऐकायला बसली. असं मन लावून त्या गाण्यासमोर आजवर कोणी बसलं नव्हतं. ती ऐकत होती म्हणून टीनाही ऐकू लागली.

पहिलं गाणं टीनाला बरं वाटलं. दुसऱ्यात ती अस्वस्थ झाली. तिसऱ्यात तिला स्पष्टच कळलं. ओरडणं होतं, पण ते कशासाठी होतं? बंद दाराबद्दल गाणाऱ्या त्या मुलीने बंद दार पाहिलंच नव्हतं. मनात आलं की ती चहाला जायची, मनात आलं की लोणावळ्याला. तिची चीड दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेली होती. एकामागून एक गाणी येत होती आणि सगळी सारखीच लागत होती. सासरे चुकीचं बोलले नव्हते. याच्यात ध्यान जात नव्हतं.

"चांगलं आहे, बेटा," मेहरबी म्हणाली, फार सांभाळून. "पण आता हळू कर थोडं. कोणत्या साडीले कोणता फॉल, ते समजून नाही राह्यलं मले."

टीनाने आवाज कमी केला. गाणं लगेच सुधारलं.

अर्हम घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून ते नको लावू."

"काहून? बाबा काही बोलले?"

"नाही. ते चांगलं नाही म्हणून."

"मले तं आवडते. लोकायले बी आवडते."

"लोक ऐकतच नाहीत, अर्हम."

"म्हणूनच तं आवडते," तो निरागसपणे बोलून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्याने खरंच लावलं नाही.

दुकान गप्प झालं. बाया कुजबुजत भाव करू लागल्या. टीना आईशी फोनवर बोलली तर सासऱ्यांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" तिने नुसता उसासा टाकला तर अंगुरीबाई म्हणाल्या, "पोट दुखते का?"

दुपारी पीस मोजता मोजता तिला एक ओळ सुचली. 'सगळेच चांगले आहेत, मी ओरडू कोणावर?' इतक्या वर्षांत पहिली खरी ओळ. ती नकळत गुणगुणली, आणि गल्ल्यावरचे सासरे, गादीवरच्या सासूबाई, समोरची गिऱ्हाईक बाई, सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"कोणतं स्तवन आहे, बेटा?" अंगुरीबाईंनी कौतुकाने विचारलं. "पुढचं म्हण ना."

टीनाने हातातले पीस खाली ठेवले. ती उठली, गल्ल्यामागे गेली आणि तिने स्वतःच्या हाताने 'भिंत' लावला. कमी आवाजात.

सगळ्यांच्या माना पुन्हा साड्यांकडे वळल्या. त्या आवाजाच्या आडोशाला टीनाने ओठ न हलवता आपली ओळ परत म्हणून पाहिली. चाल जमेना, पण ओळ सुटलीही नाही. समोरच्या बाईला मोरपिशी ब्लाउजपीस पाहिजे होता, तो काढायला ती स्टुलावर चढली.