वायरापाता जिंकेपर्यंत

दिलेला शब्द पाळायचा, हे सरनाईकांच्या घरात पोरांना लहानपणापासून शिकवलं होतं. शब्द देताना जरा विचार करायचा, हे मात्र शिकवायचं राहून गेलं होतं. म्हणून तर टोकियोतल्या ओजिमामध्ये, सरकारी वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यावर, उदय सरनाईक नावाचा चांगला शहाणासुरता सॉफ्टवेअर इंजिनिअर सोमवारी पहाटे उठून पेरू देशातल्या एका डोंगरी गावाच्या टीमची फुटबॉल मॅच बघत बसायचा. त्याला ना स्पॅनिश येत होतं, ना फुटबॉलची आवड होती. कोल्हापुरात जन्मून फुटबॉलची आवड नसणं तसं अवघडच. पण त्या घरातलं फुटबॉलचं सगळं वेड धाकट्याच्या वाट्याला गेलं होतं.

धाकटा म्हणजे अनुराग. तो कोबेच्या विद्यापीठात पोस्टडॉक होता. कॉलेजात असताना पेठेच्या टीमकडून खेळताना त्यानं डावा गुडघा कामातून घालवला होता, आणि तेव्हापासून कुठंही उभा राहिला की सगळा भार उजव्या पायावर टाकून डावा जरा उचललेला ठेवायचा. लॅबमध्ये त्याच्या शेजारी एक्तोर हिगा बसायचा. एक्तोरचे आजोबा ओकिनावाहून पेरूला गेलेले, आणि नातू शिकायला उलटा जपानला आलेला. त्याच्या गावची टीम म्हणजे उनियोन वायरापाता. एक्तोरनं अनुरागला तिची एक मॅच दाखवली, आणि हा कायमचा तिचा झाला.

त्या देशातली पद्धतच अनुरागसारख्या माणसाला वेड लावणारी होती. हजारो छोटे क्लब आपापल्या गावच्या लीगपासून सुरुवात करतात. तिथं जिंकले की तालुका, मग जिल्हा, मग प्रांत, मग देश. वर्षाच्या शेवटी त्यातला एक क्लब अजिंक्य ठरतो आणि त्याला व्यावसायिक लीगमध्ये बढती मिळते. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा खालून चढायचं. “दादा, चौऱ्याऐंशी लक्ष योनींसारखंच आहे बघ,” अनुराग फोनवर सांगायचा, “एकदा सुटला की सुटला.” उदय ऐकल्यासारखं करायचा आणि दुसऱ्या हातानं ऑफिसचं ईमेल लिहायचा.

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या सुरुवातीला, अनुराग लॅबमध्येच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उदय शिनकानसेन रेल्वेनं कोबेला पोचला तेव्हा एक्तोर हॉस्पिटलच्या दारात उभा होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच उदयला कळलं, अनुराग गेला. अग्निसंस्कार कोबेलाच झाले. अस्थी घेऊन तो कोल्हापूरला गेला.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. कावळे होते, भिंतीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. मागं काही इच्छा राहिली की असं होतं, म्हणून ज्याला जे सुचेल ते बोलू लागला. आईला सांभाळू म्हणून झालं. त्याची पुस्तकं त्याच्या कॉलेजला देऊ म्हणून झालं. ऊन चढलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. “उदय, तू बोल,” सदानंदकाका म्हणाले. “काय राहिलं होतं पोराचं? तुला ठाऊक असणार.”

उदयला काहीच ठाऊक नव्हतं. भावाचं शेवटचं बोलणं आठवायला गेला तर नुसती ती टीम आठवली. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “अन्या, तुझी टीम वरच्या लीगमध्ये जाईपर्यंत तिची एकही मॅच मी सोडणार नाही. तुझ्या जागी मी बघीन.”

वाक्य संपलं, आणि एक कावळा खाली आला. त्यानं भाताला चोच लावली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सदानंदकाकांना वाटलं, पोरगा पेठेच्या टीमबद्दल बोलतोय. त्यांनी उदयच्या पाठीवर अभिमानानं थाप मारली. कावळा दोन घास खाऊन पिंडापाशीच थांबला. उजव्या पायावर उभा होता, डावा पाय जरा उचललेला. उदयनं ते बघितलं आणि कोणाला सांगितलं नाही.

पेरूतली रविवारची दुपार म्हणजे टोकियोतली सोमवारची पहाट. एक्तोर लिंक पाठवायचा. गावातलाच कुणीतरी फोन धरून मॅच दाखवायचा. मधूनच धुकं यायचं, मैदानात कुत्रं शिरायचं, कधी फोन धरणाराच उठून नाचायचा आणि नुसतं आभाळ दिसायचं. उदय स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी चहा घेऊन बसायचा. तिसऱ्या का चौथ्या मॅचला, उजाडता उजाडता, बाल्कनीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. टोकियोतले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा चांगले थोराड आणि धीट. पण हा कचऱ्याकडे बघत नव्हता. काचेतून फोनकडे बघत होता, एका पायावर.

उदयनं उठून वाटीभर दहीभात कालवला आणि बाल्कनीत ठेवला. कावळ्यानं सावकाश खाल्ला. मॅच संपल्यावर उडून गेला.

“अरे, सोमवारी मोएरु गोमी असतो,” वीणा म्हणाली. वीणा त्याची बायको, ग्योतोकुच्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची आणि घरातही प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची. “जळणारा कचरा खाली ठेवला की सगळे कावळे इकडेच येतात. लॉजिकल आहे.”

“पाय बघितलास का त्याचा?”

“लागलं असेल कुठंतरी.” एवढं बोलून तिनं विषय बदलला, पण त्या दिवसापासून भात ती जरा जास्तच लावू लागली.

त्यांची सात वर्षांची नेत्रा मात्र खूश होती. जपानी पोरं लंगडीला केनकेन म्हणतात, तेच नाव तिनं कावळ्याला ठेवलं. “बाबा, केनकेन किता!” म्हणजे आला, असं ओरडत ती अंथरुणातून उठायची. खालच्या मजल्यावरच्या नाकामुराबाई एकदा दारात येऊन, तीन-चारदा वाकून, कावळ्यांना खाऊ घालू नये अशी वसाहतीची विनंती आहे असं सांगून गेल्या. उदयही तितक्याच वेळा वाकला. पुढच्या सोमवारी त्यानं वाटी कुंडीमागं ठेवली.

हळूहळू तो कावळ्याशी बोलायलाही लागला. आधी नुसतं, “ऑफसाइड होता का रे?” मग ऑफिसातल्या गोष्टी, आईच्या गुडघ्याचं, नेत्राच्या शाळेचं. भाऊ जिवंत असताना उदयला त्याच्याशी इतकं बोलायला कधी फुरसत मिळाली नव्हती. आता सोमवारची वाट बघत त्याचा आठवडा जायचा. ज्या आठवड्यात मॅच नसे, त्या आठवड्यात कावळाही येत नसे, आणि उदय घरात विनाकारण सगळ्यांवर खेकसायचा.

पहिल्या वर्षी वायरापाता प्रांताच्या फेरीत हरली. एक्तोरनं रडतच फोन केला. उदयनं योग्य ते सगळं म्हटलं. फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्याला आनंद झालाय. चांगला पोटातून आनंद. टीम पुन्हा गावापासून सुरुवात करणार. म्हणजे अन्या अजून वर्षभर येणार. त्यानं स्वतःसाठी दुसरा चहा टाकला. त्याची त्याला लाज वाटली, पण चहा गोड लागला.

दुसऱ्या वर्षी मात्र टीमला काय झालं कोण जाणे, ती हरायचं नावच घेईना. गाव जिंकलं, तालुका जिंकला, प्रांत जिंकला. एक्तोर दर आठवड्याला आनंदानं वेडा होत होता आणि उदय दर आठवड्याला वाळत चालला होता. त्याची जेवणावरची वासना उडाली. मीटिंगमध्ये प्रश्न विचारला तर दोनदा विचारायला लागायचा. कावळा येत होता, पण भात कमी खायला लागला होता. बसल्या जागी डुलायचा आणि सावरायचा.

डिसेंबरात टीम अंतिम सामन्यात पोचली. त्याच आठवड्यात कोल्हापूरहून आईचा, जयमालाबाईंचा, फोन आला.

“अनुराग स्वप्नात आला होता रे,” त्या म्हणाल्या. “दारातच उभा. म्हटलं, बस की बाळा. तर म्हणतो, दादानं थांबवलंय. पाय दुखतोय म्हणाला.” मग त्यांनी विचारलं, “तू त्याचं काही करायचं ठेवलंयस का?”

“नाही आई,” उदय म्हणाला. “सगळं केलंय.”

खोटं बोलून त्यानं फोन ठेवला. रविवारी सकाळी आंघोळ करून तो देव्हाऱ्यापुढं बसला. वीणानं माहेराहून आणलेला पितळी बाळकृष्ण त्यानं उचलला, वाटीत पाणी घेतलं आणि त्यात ठेवला. मनातलं घडेपर्यंत देव पाण्यात ठेवायचे, ही त्याच्या आजीची रीत. वीणानं ते बघितलं. मागून येऊन तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, दिरासाठी चाललंय. तिचे डोळे भरले होते.

उदयनं देव पाण्यात ठेवले होते ते वायरापाता हरावी म्हणून.

सोमवारी पहाटे सामना सुरू झाला तेव्हा बाहेर काळोख होता. राजधानीतलं मोठं स्टेडियम, यावेळी कॅमेरेही खरे. समोर जंगलाकडच्या प्रांतातली एक दांडगी टीम होती. पूर्वार्धात तिनं गोल केला आणि उदयनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. उत्तरार्धात वायरापातानं बरोबरी केली. बाहेर फटफटत होतं. कठड्यावर पंख आपटल्याचा आवाज झाला.

कावळा आला होता. उदयनं दहीभाताची वाटी बाहेर ठेवली. कावळ्यानं वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. तो उजव्या पायावर उभा होता आणि तो पाय थरथरत होता.

“खा रे,” उदय काचेतून म्हणाला. “खा की. वीणानं मुद्दाम ताजा लावलाय.”

कावळा हलला नाही. खाली कचऱ्यावर, तो कावळ्यांपासून झाकायची जाळी पडायच्या आत, बाकीचे कावळे कलकलाट करत होते, हा तोंड मिटून बसला होता. वाटीतला भात तसाच. उदयला घाट आठवला. ते ऊन, ती भिंत, तो न शिवलेला पिंड, आणि काय राहिलंय पोराचं म्हणून विचारणारे काका. त्या दिवशी त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं. पोराचं काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते दादाचं.

फोनमधून एकदम गलका उठला. शेवटची मिनिटं होती. वायरापाताला पेनल्टी मिळाली होती. खेळाडू हुज्जत घालत होते, पंच सगळ्यांना मागं ढकलत होता. चेंडू ठिपक्यावर ठेवला गेला.

उदय उठला. देव्हाऱ्याशी जाऊन त्यानं वाटीत हात घातला. डिसेंबरातलं पाणी बर्फासारखं होतं. त्यानं बाळकृष्ण बाहेर काढला, आपल्या स्वेटरच्या टोकानं पुसला. रांगत्या गुडघ्यातलं, मुठीतल्या लोण्याखालचं पाणीसुद्धा टिपलं. लहानपणी मॅचहून भिजून आलेल्या अन्याचं डोकं तो असंच खसाखसा पुसायचा, आणि अन्या ओरडायचा. देव जागेवर ठेवला. मग बाल्कनीचं दार उघडलं. थंडी आत आली. कावळा हाताच्या अंतरावर होता, पण उडाला नाही.

“अन्या,” तो म्हणाला, “जिंका रे. जा तू. माझं काय, मी बघतो माझं.”

आत फोनमध्ये हजारो माणसं एकदम ओरडली. उदयनं मागं वळून बघितलं नाही. कावळा खाली उतरला, वाटीला चोच लावली, दोन घास खाल्ले. मग त्यानं डावा पाय जमिनीवर टेकवला. दोन्ही पायांवर नीट उभा राहिला, आणि उडून नदीच्या दिशेनं गेला.

गलक्यानं वीणा बाहेर आली. फोनवर माणसं मैदानात शिरून रडत होती, एकमेकांना उचलत होती. “जिंकले!” ती म्हणाली. “उदय, अरे जिंकले ना? देवांनी ऐकलं!”

“मी देव त्यांच्यासाठी नव्हते ठेवले,” उदय म्हणाला. “हरावेत म्हणून ठेवले होते.”

वीणानं देव्हाऱ्याकडे बघितलं. कोरडा देव आणि नुसत्या पाण्याची वाटी तिला दिसली. ती तपासून घेणारी बाई. काय झालं असेल ते तिनं मनात जुळवलं. तिनं बाल्कनीचं दार लावलं आणि त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसली. तो रडत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच रडत होता.

दुपारी एक्तोरचा मेसेज आला. पुढच्या मोसमात मोठी लीग आहे, खऱ्या टीव्हीवर दाखवणार आहेत, लिंक पाठवू का? उदयनं बराच वेळ फोन हातात धरला. शब्द होता तो वरच्या लीगमध्ये जाईपर्यंतचा. त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

पुढच्या सोमवारी पहाटे, गजर नसतानाही त्याला जाग आली. त्यानं दहीभात कालवला, वाटी कुंडीमागं ठेवली आणि टेबलापाशी बसला. उजाडलं. खाली कचऱ्यापाशी कावळे जमले. दोन-तीन उडून कठड्यावर आले, त्यांनी भात खाल्ला, भांडले, सांडला. उदयनं एकेकाचे पाय बघितले.

नेत्रा डोळे चोळत आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

“बाबा, केनकेन वा?” तिनं विचारलं. केनकेन कुठाय?

कठड्यावर सगळे कावळे दोन पायांवर उभे होते.