आईचा क्लोजअप

पंधराव्या वर्षी मला सिनेमाचं वेड लागलं आणि त्याची पहिली शिकार झाली आई. शाळेच्या स्पर्धेसाठी तीन मिनिटांचा सिनेमा करायचा होता. माझी गोष्ट होती नोकरी गेलेल्या एका बाईची. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची, म्हणून तीच नायिका. घरचीच, कुठे शोधत बसा!

दादाचा मोबाईल समोर धरला की ती लाकडासारखी ताठ व्हायची. "अगं, रडायचंय, पासपोर्टचा फोटो नाही काढायचा," मी खेकसायचे. मग स्वतः रडून दाखवायचे. मला ते चुटकीसरशी जमायचं आणि त्याचा माज होता.

"तूच कर ना मग," ती हसायची. "मला कसलं येतंय!"

एका रविवारी तालीम चालू असतानाच तिचा फोन वाजला. कारखान्याचा सुपरवायझर होता. बारा बायका कमी केल्या होत्या, त्यात ही. "अकरा वर्षं झाली हो, साहेब," एवढंच ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतके दिवस मागत होते ते समोर होतं. फक्त उजेड कमी पडत होता. मी म्हणाले, "आई, जरा खिडकीकडे तोंड कर."

तिने केलं.

नंतर तिला सांगितलं, पुसून टाकलं म्हणून. प्रत्यक्षात तेच सिनेमात घातलं आणि पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक स्टेजवरून विचारत होते, ही अभिनेत्री कुठे सापडली? टाळ्या वाजत होत्या, लोक वळून वळून तिसऱ्या रांगेतल्या आईकडे बघत होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

घरी चपला काढता काढता ती म्हणाली, "त्या दिवशी खिडकीकडे तोंड कर म्हणालीस तेव्हा मला वाटलं, माझं तोंड तुला नीट दिसत नाहीये. दिसलं की जवळ येशील."

जवळ तर मी गेलेच होते. क्लोजअपसाठी.

आता मी सिनेमेच करते. भलेभले नट माझ्यासमोर खोटं रडले की मला लगेच कळतं. गेल्या महिन्यात आई दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आली. "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही गं, वयाप्रमाणे चालायचंच," हसत तिने पाकीट कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मला त्या हसण्यातलं काहीच ओळखता येईना.

मी पुन्हा विचारलं. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते, मोबाईल नव्हता. तरी तिने सांगितलं नाही.