बाबांच्या कोटावरची चीर

कात्री भलतीकडे गेली की ते डोळ्यांआधी हाताला कळतं. सुनेच्या हाताला कळलं आणि ती थबकली. अस्तर कापता कापता कात्रीचं खालचं पातं कोटाच्या पुढच्या भागात शिरलं होतं. ऐन छातीवर बोटभर चीर!

कोट तिच्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा लेक नुकती चालायला लागली होती. उद्या तीच लेक पहिल्या नोकरीवर निघाली होती, बाबांचा कोट आपल्या मापाचा करून घेऊन. बाबांची तेवढीच वस्तू घरात उरली होती. कोट शिवलेला सासऱ्यांनी. आता त्यांचे हात थरथरत, म्हणून घरातल्याच शिवणाच्या दुकानात कात्री सुनेकडे आणि बडबड सासऱ्यांकडे अशी वाटणी झाली होती. "अस्तर आधी उसव, मग काप," हे त्यांनी सकाळपासून इतक्यांदा बजावलं, की तिने निव्वळ वैतागून ते उसवलंच नाही.

आता तिने खडूने चिरेभोवती चौकोन आखला. एवढं कापून काढायचं, वर खिसा लावायचा, कुणाच्या बापाला कळणार नाही.

"थांब! काय करतेस?" सासरे खुर्चीतून ओरडले.

"चीर पडली, आबा. खराब झालं तेवढं काढून टाकते."

"खराब काय झालंय? नुसती चीर आहे. कापड कुठे गेलंय? धागे सगळे जागेवर आहेत. चौकोन काढलास की मात्र गेला तो कायमचा. ठेव ती कात्री."

ती बोलणी खायच्या तयारीने अंग चोरून उभी राहिली. आबांनी मात्र कोटाची खालची दुमड उलगडून दाखवली. आतलं कापड अजून नव्यासारखं होतं. तिथलेच धागे काढून ती रफू करायला बसली.

"एक वर, एक खाली. घाई केलीस तर मीच सुई हातात घेईन, मग बघ कोटाचं काय होतं ते."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नवरा गेल्यावर नातेवाईक याच घरात बसून सांगत होते, मुलगाच राहिला नाही, आता सुनेला माहेरी धाडा. ज्याचा पोटचा मुलगा गेला होता तो हा माणूस तेव्हा म्हणाला होता, "एक गेला तेवढं पुरे. आता या घरातून कुणी जायचं नाही." आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तिच्या हातात कात्री दिली होती.

"आबा, तेव्हा तुम्ही मला ठेवून घेतलंत. तुमचे आभार मी कधी मानले नाहीत."

"रफू करताना बोलू नये," आबा म्हणाले.

सकाळी लेकीने कोट चढवला. रफू दिसत नव्हता, पण तिचं बोट नेमकं तिथेच अडलं.

"आई, इथे काय झालं?"

"माझी कात्री लागली. आबांमुळे वाचला."

"शिवलं आईने," आबा म्हणाले. "मी नुसती बडबड केली. आता तरी ऐक म्हणावं तिला, अस्तर आधी उसवायचं असतं…"

"हो आबा," सून म्हणाली आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. "सांगा, पहिल्यापासून सांगा."