साहेबांच्या डोक्यातला फुगा

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला, की तो फुटायच्या आत त्यात जेल भरायचं आणि माणूस वाचवायचा, या एका कल्पनेवर साहेबांनी नऊ वर्षं काढली. बारीक नळीतून पातळ शिरणारं, आत चाळीस सेकंदांत घट्ट होणारं जेल. परिषदांत टाळ्या पडत. माणसात ते अजून कुणी भरलं नव्हतं, एवढीच काय ती उणीव. ते भरून घेणाऱ्या पहिल्या पेशंट, एक बाई, सोमवारी भरती होणार होत्या.

त्याआधीच्या गुरुवारी, डोकेदुखीसाठी केलेल्या तपासणीत साहेबांच्याच डोक्यात सात मिलिमीटरचा फुगा निघाला.

"घरचंच औषध आहे की," बायको म्हणाली. "डॉक्टरबाई, यांचंच जेल भरा यांना."

"पहिला मान सरांचाच," सर्जनबाई म्हणाल्या. "की नेहमीसारखी प्लॅटिनमची तार घालू? सांगा, तसा फॉर्म काढते."

साहेब "आलोच" म्हणून बाहेर गेले आणि त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञबाई त्यांना नऊ वर्षं रोज पाहत होत्या, त्यामुळे त्यांच्यावर साहेबांची छाप वगैरे नव्हती.

"बाई, पंप चालू ठेवून आपण जेल कधी भरलंय का?"

"आपल्या काचेच्या नळीत रक्ताऐवजी पाणी खेळवणारा पंप ना? छे! भरताना बंदच करतो. फोटो हलतो, असं तुम्हीच म्हणालात."

"एकदाही नाही?"

"एकदा. तुम्ही परिषदेला गेला होतात. अर्धं जेल वाहून पुढच्या नळीत जाऊन बसलं. तुम्ही म्हणालात, पाणीच खराब असेल."

माणसात ती पुढची नळी बुजली, की अर्धं अंग लुळं पडतं. आणि माणसाचा पंप फोटोसाठी थांबत नाही.

साहेब आत आले. "तार घाला."

"अगंबाई! नऊ वर्षं जेवतानासुद्धा जेल, आणि आता तार?"

"आणि सोमवारच्या बाईंचं पुढे ढकला."

"कारण काय लिहू, सर?"

"संशोधक आजारी, असं लिहा."

"आजारी तुम्ही आहात, जेल नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "फोनवर काय कळलं?"

साहेबांनी सांगितलं. एरवी या विषयाला त्यांना पाऊण तास आणि साठ स्लाइड लागत. आज तीन वाक्यांत आटोपलं. सर्जनबाईंनी ते लिहून घेतलं, खाली त्यांची सही घेतली आणि सोमवारच्या बाईंना फोन लावला.