आजीची माणसं

आईच्या हनुवटीवर ओघळलेला भात पुसायला थोरलीने ओलं फडकं पुढे केलं, तेवढ्यात धाकटीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे ना ताई. थोडं सांडलेलं असलं की खरं वाटतं."

मोबाइल खिडकीच्या कठड्यावर टेकवून ठेवला होता. त्याच्याकडे बघून धाकटी हसली, आज आपली आजी जरा रुसलीय असं लाडिक आवाजात म्हणाली आणि मग आईला विचारू लागली की, आजी, मी कोण गं? सख्ख्या आईला ती आजी म्हणत होती. आईने तिला आधी "बाई" म्हटलं, मग "नर्सबाई". धाकटीने हसू आवरत असल्यासारखा तोंडावर हात ठेवला. थोरली फडकं घेऊन बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

थोरली रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. परवा दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मोबाइल तिच्यापुढे धरला होता. म्हणाली, मॅडम, ही आजी बघा, कसली गोड आहे. पडद्यावर आई होती. ओला गाऊन, उघड्या पिंढऱ्या, आणि कधीच्या वारलेल्या स्वतःच्या आईला मारलेल्या हाका. खाली लोकांनी हसरे चेहरे आणि बदाम ओतले होते. "हो, गोड आहे," म्हणत थोरली हातातल्या नळीवर चिठ्ठी चिकटवत राहिली. ही माझी आई, एवढे तीन शब्द तिच्या तोंडून फुटले नाहीत. व्हिडिओची किळस आली त्याहून जास्त तिला या गप्प राहण्याची आली, आणि संध्याकाळी रजेचा अर्ज टाकून तिने बस पकडली.

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. अर्ध्या शहराची भांडणं, लफडी, मरणं तिच्या कानांवरून गेली, पण त्यातलं एक अक्षर कधी घरात आलं नाही. कोणी फारच खोदलं तर म्हणायची, कानाला तोंड नसतं. आणि आता तिच्या ओल्या अंथरुणाची खबर चार लाख लोकांना होती.

थोरली हे सगळं धाकटीला बोलली. आवाज न चढवता, पण काही मागे न ठेवता. धाकटी भांडी विसळत ऐकत होती. शेवटी तिने हात पुसले.

"तू वर्षातून दोनदा येतेस, ताई. तिचं हगणं-मुतणं मी काढते. हे लोक मला रोज विचारतात, तू जेवलीस का. तू विचारलंस कधी?"

थोरली म्हणाली की चार दिवस आईचं सगळं मी बघते, फक्त मोबाइल मध्ये आणायचा नाही. धाकटीने खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी सकाळी, सहा महिन्यांत केस कापले नाहीत असं सांगून ती बाहेर पडली.

त्या दिवशी आईने तोंडच उघडलं नाही. चमचा ओठांना लागला की मान फिरवायची. थोरलीने गोंजारून पाहिलं, गाणं म्हणून पाहिलं, जरा दटावूनही पाहिलं. भात निवला, गरम केला, पुन्हा निवला. गोळ्या उपाशीपोटी देता येत नव्हत्या. आई रिकाम्या कठड्याकडे बघत होती.

"लोक नाही आले आज?"

"कुठले लोक, आई?"

"माझे."

तीन वाजता थोरलीने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला आणि कठड्यावर उभा केला. काळ्या पडद्याकडे बघून आईने नकारार्थी मान हलवली. मग थोरलीने कॅमेरा उघडला. रेकॉर्डिंग नाही, नुसता कॅमेरा. पडद्यात स्वतःचा चेहरा दिसताच आई सावरून बसली, केसांवरून हात फिरवला आणि तिने आ केला.

घासामागून घास गेला. थोरलीला स्वतःच्याच हाताची शिसारी येत होती, पण चमचा थांबत नव्हता. वाटी रिकामी झाली, गोळ्याही गिळून झाल्या. आई पडद्याकडे झुकली आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाली,

"आज लवकर आटपू या हं. माझी थोरली यायची आहे."

थोरली तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

"कशी आहे ती?" तिने विचारलं.

आई विचारात पडली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. ती सांगायला तोंड उघडणार, तोच थोरलीने बोट वर करून तिला क्षणभर थांबवलं. हात लांब केला, पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर अंगठा टेकवला.

"हं," ती म्हणाली, "आता सांग."